मदत हवी आहे: शनिवारी गावात सौर-पवनऊर्जेवर चर्चा आहे, लोक बोलतच नाहीत

डोंगरवारा: आम्ही बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचे बारा जण. मागच्या वेळी प्रोजेक्टर लावून स्लाइड दाखवल्या, तर दहा मिनिटांत माणसं उठून गेली. लोकांना बोलतं कसं करायचं? लवकर सांगा, तीनच दिवस उरलेत.

तापीकाठ: गाव कुठलं? वेळ कोणती होती? कोण आलं होतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रावेरची_केळी: वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवा. ठिबकच्या मेळाव्याला आम्ही हेच केलं, गाव लोटलं होतं.

तापीकाठ: भरीत खायला आलेला माणूस भरीत खाऊन जातो. चर्चेला थांबत नाही.

छतावरची_वीज: पीएम सूर्यघर योजनेची माहिती द्या. छतावरच्या ३ किलोवॅट सौर पॅनलला ७८,००० रुपये अनुदान आहे. मी घरावर बसवलंय, बिल जवळजवळ शून्य.

डोंगरवारा: छताचं विचारलंच नाही हो! साक्री तालुका. शाळेत, दुपारी चारला. पंधरा-वीस माणसं, सगळे पुरुष. एक आजोबा उठताना म्हणाले, "आमना डोंगरवर पंखा फिरतस, आनि आम्ही रातले पानी भरतस." सर म्हणाले, हा विषयाबाहेरचा प्रश्न.

तापीकाठ: कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी चारला? आणि आजोबांचं बोलणं विषयाबाहेरचं नाही, तोच विषय आहे. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या मोठ्या जाळ्यात जाते, खालच्या शिवाराला थेट मिळत नाही. शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही तुमच्याच तालुक्यात. मग शेतीला दिवसा वीज का नाही, इथून सुरुवात करा. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, सौर प्रकल्पाची वीज दिवसा शेतीच्या वाहिनीला. प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, हेही सांगा.

विहीरवाला: वाहिनीची वाट कोण बघणार? मी सरकारी योजनेतून सौरपंप घेतला. किमतीचा दहा टक्के हिस्सा भरला, अनुसूचित जाती-जमातींना पाचच टक्के. पंधरा दिवसांनी पहाटे ओल्या फडक्याने पॅनल पुसतो, कपडा मातीने लाल होतो. रात्रीचं जाणं सुटलं.

तापीकाठ: आभाळ आलं की? चार वाजल्यावर धार बारीक होते, तेही सांगा.

विहीरवाला: होते. सकाळी नऊपासून भरतो. रात्री बांधावर साप तुडवण्यापेक्षा बरं. बोअर खोल असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा.

रावेरची_केळी: यंदा केळीला भाव काय मिळाला कुणाला?

डोंगरवारा: केळीचा वेगळा धागा काढा ना. ठरलं, स्लाइड बंद. शनिवारी रात्री साडेआठला पारावर. पहिला प्रश्न, रात्री पाणी भरायला कोण कोण जातं?

विहीरवाला: अहिराणीत विचारा.

पिंपळनेरची_सून: पारावर बाया येणार नाहीत. नवरा रात्री शेतात जातो तेव्हा बाई जागीच असते. दार वाजेपर्यंत डोळा लागत नाही. त्यांना न विचारता कसली गावाची चर्चा?

डोंगरवारा: ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यात पाच मुली आहेत. कुठे भेटतील त्या?

पिंपळनेरची_सून: सकाळी सहाला हापशीवर. मुलींनाच पाठवा. वही चालेल, मोबाइलवर शूटिंग नको. आणि आधी दोन हंडे भरू लागा.