सल्ला हवा: कुटुंब, प्रेम आणि बाहेरचं प्रकरण, पण हसवणारा सिनेमा

अबोली_मुलुंड: रविवारी ताई-भावोजी येताहेत, आई-बाबाही असतील. भावोजींचं बाहेर प्रकरण झालं होतं, आता दोघं पुन्हा एकत्र आहेत. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. भरल्या घराचा, हसवत रडवणारा सिनेमा सुचवा. विषय टाळलेला नको आणि बाईलाच ‘सांभाळून घे’ सांगणाराही नको. दोन तासांत संपावा, भाडं २०० रुपयांच्या आत.

माहीमचा_मोरू: ‘दिल धडकने दो’ (२०१५), डोळे झाकून! क्रूझवर अख्खं खानदान. नवऱ्याची थेरं पाहून शेफाली शाह खोलीत आरशासमोर बसून केक तोंडात कोंबते. एक शब्द नाही, पण अंगावर येतं. आम्ही ६५ इंची टीव्हीवर पाहिला. तुम्हीही मोठा घ्याच, सध्या सेल आहे.

पार्लेकर_काकू: अहो, ती दोनशे रुपये म्हणतेय! आणि तो सिनेमा पावणेतीन तासांच्या वर आहे, आमच्याकडे मध्यंतरातच सगळे जेवायला उठले. अबोली, ‘कळत नकळत’ (१९८९) लाव. विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे. संसार मोडायला आलेला, तरी अशोक सराफ घर हसतं ठेवतात.

रात्रपाळी_अंधेरी: ‘कपूर अँड सन्स’ (२०१६). घरात नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललंय आणि प्लंबर बिचारा पाइप दुरुस्त करतोय. आमच्या घरी हुबेहूब असंच झालंय. शेवट मात्र जड आहे, आईबाबांना आधी सांगून ठेवा.

परळ_स्लो_लोकल: मुंबईत राहून ‘लाइफ इन अ... मेट्रो’ (२००७) कुणीच सुचवला नाही? इरफान खान कोंकणा सेन शर्माला गच्चीवर नेतो आणि मनातलं सगळं ओरडून टाक म्हणतो. तेवढ्यासाठी तरी बघा.

पार्लेकर_काकू: त्यात शेवटी शिल्पा शेट्टीच संसारात परत फिरते. अबोलीला नेमकं तेच नकोय.

परळ_स्लो_लोकल: काकू, ती स्वतः ठरवून फिरते. फरक आहे.

हिंदू_कॉलनी: ‘हन्ना अँड हर सिस्टर्स’ (१९८६). हन्नाचा नवरा तिच्याच बहिणीच्या प्रेमात पडतो. तीन ऑस्कर, पावणेदोन तासांत संपतो. पण इंग्रजी, आईबाबा कंटाळतील.

माहीमचा_मोरू: ‘दिल धडकने दो’ दोन दिवसांत पाहा की!

अबोली_मुलुंड: सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईलाच विचारलं. म्हणाली, “सगळ्यांसमोर तसलं काही लावलंस तर मी पडदा बघू की आईचा चेहरा?” म्हणून रविवारी ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) लावतेय. दवाखान्यात जमलेलं अख्खं गणगोत, रुसवेफुगवे, बाप-लेकाचा अबोला. प्रकरण वगैरे नाही. ‘मेट्रो’ मी आणि ताई दुपारी दोघीच बघू, तिलाच तो हवाय. ‘व्हेंटिलेटर’ २०० च्या आत कुठे मिळतोय, कुणाला माहितीये का?