द्विशिक्षकी शाळेत दर महिन्याचे सण, जयंत्या आणि उपक्रम कसे बसवावेत?

प्रश्न : बालाघाटातील शिक्षक

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका डोंगराळ गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर गेल्या जूनमध्ये बदलीने रुजू झालो. पहिली ते चौथीचे वर्ग, पट ३८ आणि आम्ही दोन शिक्षक. नव्या वर्षाचे नियोजन करण्यासाठी मी गेल्या वर्षीची उपक्रम नोंदवही घेऊन बसलो, तेव्हा प्रवेशोत्सवापासून महाराष्ट्र दिनापर्यंत लहानमोठे ३१ कार्यक्रम झाल्याचे दिसले. आषाढीची दिंडी, १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि त्याच तारखेला अण्णा भाऊ साठे यांची जयंती, स्वातंत्र्य दिन, पोळा, शिक्षक दिन, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, वाचन प्रेरणा दिन अशी ती रांग आहे. तयारी धरून प्रत्येकाला सरासरी अर्धा दिवस गेला असे मानले, तरी पंधरा-सोळा दिवस होतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, आणि जोडवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडे एका वेळी दोन वर्ग, असल्यामुळे आमच्या वाट्याचा तास आधीच अर्धा झालेला असतो.

तरीही माझी खरी अडचण दिवसांच्या हिशेबाची नाही. आमच्या ३८ मुलांपैकी २१ मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यांतील आठ मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात थांबली आणि बाकीची तेरा दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्यांबरोबर निघून गेली. शाळेचे स्नेहसंमेलन प्रथेप्रमाणे जानेवारीत झाले. आषाढीच्या दिंडीत जिने सर्वांत खड्या आवाजात अभंग म्हटले होते, ती तिसरीतील मुलगी त्या दिवशी कुठल्या तरी फडावर धाकट्या भावाला सांभाळत असणार. गावकऱ्यांनी कार्यक्रमाचे कौतुक केले, पण मला ते कौतुक घेववेना. जी मुले वर्षाचा निम्मा काळ शाळेबाहेर असतात, त्यांच्याच वाट्याला शाळेचा सर्वांत आनंदाचा दिवस येत नाही.

स्नेहसंमेलन दसऱ्याच्या आधी घेतल्यास काही अडचण येईल का, कोणते कार्यक्रम मोठे करावेत आणि कोणते परिपाठात उरकावेत, आणि कार्यक्रम संपण्याआधीच छायाचित्रे व अहवाल मागणाऱ्या निरोपांचे काय करावे, याविषयी अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत सोपे आहे. छायाचित्र कार्यक्रमाच्या सुरुवातीला, मुले ताजीतवानी आणि रांगेत असताना एकदाच काढावे आणि मग मोबाइल कपाटात ठेवावा. मी अखेरची सहा वर्षे हा नियम पाळला. मुले बोलत असताना बाईंचे डोळे पडद्यावर असतील, तर मूलही पाठ केलेले चार ओळींचे भाषण घाईने संपवून खाली बसते.

आता कार्यक्रमांविषयी. प्रत्येक जयंतीला प्रतिमापूजन, दोन भाषणे आणि घोषणा या साच्याचा मला मनापासून कंटाळा येई, आणि मुलांनाही येई. महिन्याला एकच दिवस मोठा करायचा आणि बाकीचे दिनविशेष परिपाठाच्या दहा मिनिटांत सांगायचे, असे आम्ही शेवटी ठरवले. मात्र तो एक दिवस निवडताना कसोटी अशी लावत असू की, त्या दिवशी मुलाने हाताने काहीतरी करायला हवे आणि ते काम पुढच्या आठवड्याच्या पाठात उपयोगी पडायला हवे.

आषाढीचे उदाहरण घ्या. दिंडी सगळ्याच शाळा काढतात आणि ती काढावीच, कारण टाळ हातात आला की एरवी न बोलणारे मूलही आवाज काढते. आम्ही दिंडीच्या आधी आठवडाभर व्हरांड्याच्या भिंतीवर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वाट काढत असू. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी आणि पंढरपूर ही नावे मुले रोज एकेक लिहीत. तिसरी-चौथीची मुले दोन मुक्कामांमधील अंतरांची बेरीज करीत, पहिली-दुसरीची मुले वारकऱ्यांची चित्रे कापून ती त्या दिवशीच्या मुक्कामावर चिकटवीत. आमच्या तालुक्यातून पालखी जात असल्यामुळे घरोघरी भाकरी-पिठल्याची तयारी चालू असे, आणि किती माणसांना किती भाकरी लागतील हे गणित मुलांना पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा लवकर सुटे. दिंडीचा दिवस एकच, पण भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्ही विषयांचा आठवडाभराचा अभ्यास त्यात होऊन जाई.

दुसरे उदाहरण ७ नोव्हेंबरचे. १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच, आणि तेथील नोंदवहीत त्यांचे नाव भिवा असे लिहिलेले आहे. शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हा आम्ही भाषणे ठेवली नाहीत. शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही उघडून प्रत्येक मुलाला त्याच्या आजोबांचे, आजीचे किंवा चुलत्याचे नाव शोधायला सांगितले. नाव सापडले की जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा कधी सोडली ही माहिती मूल वहीत उतरवून घेई. अनेक आज्यांची नावे त्यात नव्हतीच. ती का नाहीत हे विचारायला मुली घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी जे सांगू लागल्या, त्यामुळे ३ जानेवारीला सावित्रीबाईंविषयी काय बोलायचे हा प्रश्न आमच्यापुढे उरला नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती तारीख आली, तर हे काम आधी घेतले तरी चालते. आपल्याकडे तर ते टोळ्या निघण्यापूर्वीच घ्यावे.

नवरात्राविषयीही एक सुचवते. आमच्याकडे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा बसतो, पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात आणि खानदेश-विदर्भाकडे भुलाबाई. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात झाकून आणलेली खिरापत ओळखायची. हा खेळ शाळेत घेतला, तर खर्च जवळजवळ होत नाही आणि ज्या आया पालक सभेला कधी येत नाहीत त्या येतात. आमच्या फेरात मुलगेही असत. सुरुवातीला ते लाजले, पण खिरापत ओळखण्यात तेच पुढे असत.

स्नेहसंमेलन दसऱ्याआधी घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते जानेवारीतच व्हावे असा आग्रह केवळ सवयीचा असतो.

उत्तर २ : कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षिका

सर, आपल्याकडून निघालेली मुले ज्या भागात येतात, त्या भागातील एका शाळेत मी शिकवते, म्हणून दुसऱ्या टोकावरून लिहिते आहे. गाळप सुरू झाले की आमच्या शाळेजवळच्या माळावर ऊसतोड कुटुंबांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि आम्ही दोघीजणी मुले शोधायला जातो. ज्यांच्याजवळ शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेने दिलेली शिक्षणाची नोंद, असते, त्यांना कोणत्या वर्गात बसवायचे हे लगेच कळते. पण पत्रकावरून मूल कळत नाही. नव्या गावात, वेगळ्या वळणाची मराठी बोलणाऱ्या वर्गात ते महिनाभर मागच्या भिंतीला टेकून बसते, आणि बोलू लागते तोवर टोळीचा मुक्काम हलतो.

गेल्या संक्रांतीला आम्ही तिळगूळ वाटण्याचा कार्यक्रम शाळेत न ठेवता त्या माळावर नेला. मुले तेथे गेली, कोप्यांतल्या मुलांनी त्यांना बैल, गाडी आणि उसाची मोळी कशी बांधतात हे दाखवले, आणि पहिल्यांदाच सांगणारी ती आणि ऐकणारी आमची मुले असा प्रकार झाला. संक्रांतीनंतर त्यांतील चार मुले रोज शाळेत येऊ लागली. दोन आली नाहीत, कारण पहाटे आईवडील फडावर गेल्यावर तान्ह्या भावंडाजवळ कोणीतरी थांबावे लागते. त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही.

आपल्याला एक विनंती करते. हमी पत्रकाबरोबर एक साधी चिठ्ठी जोडावी. या मुलीला कोणते गाणे येते, तिने दिंडीत काय केले, पोळ्याला कसा बैल केला, एवढे चार ओळींत लिहून पाठवले, तरी येथील शिक्षिकेला तिला पहिल्याच दिवशी वर्गापुढे उभे करता येईल. ती तिसरीतील मुलगी आमच्याच माळावर आली असती आणि तिला अभंग येतात हे मला माहीत असते, तर आमच्या जानेवारीच्या कार्यक्रमात ती नक्कीच गायली असती.

उत्तर ३ : पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

मी शिक्षक नाही, परंतु आमच्या गावच्या शाळेच्या समितीवर तीन वर्षे आहे, त्यामुळे पालकांच्या बाजूने दोन गोष्टी मांडाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट खर्चाची. वेशभूषा स्पर्धा जाहीर झाली की भाड्याच्या पोशाखाला तीन-चारशे रुपये लागतात. ज्याच्या घरी ते नसतात, ते मूल त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते, आणि माझा स्वतःचा मुलगा एकदा असाच राहिला होता. आम्ही समितीत ठराव करून भाड्याचे पोशाख बंद केले. जे घरात आहे, शेतात आहे किंवा कागद-पुठ्ठ्यातून करता येईल, तेवढेच चालेल असे ठरवले. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात, त्यामुळे असे निर्णय समितीकडूनच झालेले बरे. मग शिक्षकांवर दोष येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आमच्या वर्गात मुस्लिम मुले आहेत, बौद्ध मुले आहेत, आणि दरमहा होणारे सण बहुतेक एकाच बाजूचे असतात. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सण साजरा करणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे हे मला मान्य आहे, पण पूजा आणि खेळ यांतील फरक शाळेने ध्यानात ठेवला पाहिजे. आम्ही पोळा, हादगा, ईद, बुद्धपौर्णिमा आणि नाताळ यांविषयी एकच पद्धत ठेवली आहे. ज्याच्या घरचा सण, त्याने घरी काय करतात ते वर्गाला सांगायचे, आणि जमल्यास त्याच्या आईने किंवा वडिलांनी येऊन एखादा पदार्थ किंवा गाणे दाखवायचे. बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून ते बोलणे आम्ही १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला जोडतो. ईदनंतरच्या दिवशी एका आईने शिरखुर्मा कसा करतात हे सांगितले. त्यात शेवया, दूध, खजूर यांची मापे होती, आणि वर्गशिक्षिकेने त्यावरच पावशेर-अर्धा शेर ते ग्रॅम-लिटरपर्यंतचा पाठ घेतला.

उत्तर ४ : नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक

वरील मतांशी मी सहमत आहे, एवढेच जोडतो की शाळेचे कॅलेंडर गावाच्या कॅलेंडरवर बेतावे. आमच्याकडे सातपुड्यात होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल आणि बासऱ्या काढल्या जातात आणि आठवडाभर वर्गात चिटपाखरू नसते. मी पहिल्या वर्षी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत बसलो. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी तेव्हा घेतली आणि त्याआधीच्या आठवड्यात मुलांकडून होळीचे शब्द त्यांच्या बोलीत मागवले. फळ्याच्या एका बाजूला पावरी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द अशी यादी वाढत गेली. पहिलीच्या मुलांना मराठी वाचनाची वाट मला त्या यादीतून सापडली. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे स्वतःचे शब्द असतीलच. ती एप्रिलमध्ये परत आली की ते त्यांच्याकडून लिहून घ्यावेत असे सुचवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : बालाघाटातील शिक्षक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार मानतो. काल सहकारी शिक्षिका आणि समितीचे अध्यक्ष यांच्याबरोबर बसून पुढील वर्षाचा आराखडा केला.

स्नेहसंमेलन १७ सप्टेंबरला जोडून घेणार आहोत. त्या दिवशी मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत ध्वजवंदन होते आणि गाव आपोआप जमते, त्यामुळे वेगळे निमंत्रण, वेगळा मांडव आणि वेगळी वर्गणी लागणार नाही. १९४८ साली निजामाचे राज्य संपले तेव्हा लहान असलेले एक आजोबा गावात आहेत. मुले त्यांना आधी भेटून प्रश्न विचारतील आणि मिळालेल्या उत्तरांवरून चौथीचा वर्ग छोटे नाटक बसवील. पोळ्याला मातीचे बैल शाळेतच होतील आणि तेच बैल संमेलनाच्या दिवशी प्रदर्शनात ठेवले जातील. भाड्याचे पोशाख येणार नाहीत.

वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो आणि तोवर काही टोळ्या निघालेल्या असतात, म्हणून तो दिवस टोळ्यांच्या तारखा पाहून आधी घेणार आहोत. निघणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन गोष्टींची पुस्तके पिशवीत घालून द्यायची आणि हमी पत्रकाबरोबर कोल्हापूरच्या बाईंनी सुचवलेली चिठ्ठी जोडायची असे ठरले. पुस्तके हरवतील अशी शंका अध्यक्षांनी काढली. त्यावर सहकारी शिक्षिका म्हणाल्या की, गेल्या वर्षी तीच पुस्तके कपाटात सुरक्षित होती आणि कोणीही ती वाचली नाहीत. ठराव लगेच मंजूर झाला.

जी मुले जानेवारीत शाळेत असतील, त्यांच्यासाठी २६ जानेवारीला लेझीम आणि समूहगीत एवढेच ठेवले आहे. त्या तिसरीतील, आता चौथीत गेलेल्या मुलीच्या घरी आज संध्याकाळी जाऊन आलो. आषाढीच्या दिंडीत पुढे तीच राहणार आहे, आणि तिची चिठ्ठी तिने स्वतः लिहावी असे मी तिला सांगितले आहे.