मदत हवी आहे: मार्क नॉफ्लरचा पुढचा कोणता अल्बम ऐकू?

मंडळी, नॉफ्लरच्या डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा मी जुना चाहता. 'सुल्तान्स ऑफ स्विंग'च्या शेवटच्या सोलोत नॉफ्लर पिक (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता नुसत्या बोटांनी तारा छेडतो. ते सुटे, भरभर उतरणारे स्वर ऐकूनच मी गिटार हातात घेतली. १९८२च्या 'लव्ह ओव्हर गोल्ड'मधलं १४ मिनिटांचं 'टेलिग्राफ रोड' आजही मध्येच बंद करवत नाही.

अडचण बँड संपल्यानंतरच्या नॉफ्लरची आहे. 'गोल्डन हार्ट' (१९९६) आणि 'सेलिंग टू फिलाडेल्फिया' (२०००) निवांतपणे, पूर्ण ऐकले. शब्द सुंदर, चाली गोड, पण बराचसा भर लोकसंगीतावर, मन रमेना. गायिका एमिलू हॅरिससोबतचा २००६चा अल्बम अर्ध्यावर सोडला. तरी इतक्या लाडक्या कलाकाराला सोडून द्यायला जीव होत नाही.

लाइव्ह रेकॉर्डिंग आणि निवडक गाण्यांचे संग्रह नकोत, स्टुडिओ अल्बमच सलग ऐकायचाय. 'व्हॉट इट इज' हे गाणं पाठ आहे, ते सुचवू नका. 'शांग्री-ला' (२००४), 'प्रायव्हेटियरिंग' (२०१२) आणि 'वन डीप रिव्हर' (२०२४) यांपैकी गिटारला सर्वांत जास्त वाव कशात आहे, आणि त्यातलं कोणतं गाणं आधी ऐकू?