देवगडात फायबर इंटरनेट घेतोय, महिन्याला 3300 जीबी पुरतील?

मुलगा गणपतीला आला की महिनाभर इथूनच काम करतो. 100 एमबीपीएसचा प्लॅन बघितलाय. मर्यादा संपली की स्पीड पार झोपतो म्हणे?

मालवणकर: काका, दिवसाला 110 जीबी पडतात! एचडी पिक्चर तासाला तीनेक जीबी खातो. अख्खं घर टीव्हीला चिकटलं तरी संपायचं नाही.

गुहागरकर: डेटा सोडा हो. केबल माडांखालून येते का, ते बघा. आमच्याकडे पावसात झावळ पडली की राउटरवर लाल दिवा, आणि लाइनमनचं ‘उद्या बघतो’.

मालवणकर: आणि लाइट जाते त्याचं काय? इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्याच.

प्रश्नकर्ता: केबल माडांतूनच येणार! आधी झावळ्या उतरवायला पाडेली (माडावर चढणारा) गाठतो.