मदत हवी आहे: रस्टमधून सी लायब्ररी वापरताना सेफ्टी कॉमेंटमध्ये नेमकं लिहायचं काय?

नमस्कार मंडळी,

आवाजाच्या फाइल डिकोड करणारी एक जुनी सी लायब्ररी आहे. ती रस्ट भाषेतून सुरक्षितपणे वापरता यावी म्हणून तिच्यावर रस्टचं रॅपर (आवरण) लिहितोय. कोड चालतो, टेस्ट पास होतात. घोडं अडलंय ते कॉमेंटवर.

क्लिपी (रस्टचा कोड तपासणारं साधन) मधलं 'अनडॉक्युमेंटेड अनसेफ ब्लॉक्स' हे लिंट, म्हणजे तपासणीचा नियम, मुद्दाम सुरू केलं (ते आपोआप सुरू नसतं). ज्याची खात्री कंपायलर देऊ शकत नाही अशा 'अनसेफ' ब्लॉकवर तो सुरक्षित का हे सांगणारी कॉमेंट नसली, की ते इशारा देतं. ४३ इशारे आले. मग एका बैठकीत सगळीकडे 'सेफ्टी: पॉइंटर वैध आहे' अशी ओळ चिकटवली (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता). इशारे गप्प झाले. सहकाऱ्याने मात्र रिव्ह्यूमध्ये प्रत्येक ओळीखाली एकच शब्द लिहिला: "कशावरून?" आधी राग आला. मग एकेक उत्तर द्यायला बसलो, तेव्हा तीन जागी मलाच उत्तर सापडेना.

१. 'पुढची फ्रेम' मागितली की लायब्ररी सँपलकडे जाणारा पॉइंटर आणि लांबी देते. मी त्याची स्लाइस (त्याच मेमरीकडे बघणारा रस्टचा उसना तुकडा) करून परत देतो. तो पॉइंटर किती वेळ जिवंत राहतो, मेमरी कुणी सोडायची, याबद्दल हेडरमध्ये (लायब्ररीची फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) चकार शब्द नाही.

२. शेवटच्या चुकीचा मजकूर देणारं एक फंक्शन आहे. ते सी स्ट्रिंग देतं. ती कुणाची, तेही लिहिलेलं नाही.

३. प्रगती कळवणारा कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने उलट बोलवायचं माझं फंक्शन. सोबत व्हॉइड पॉइंटर, म्हणजे माझा डेटा.

कोड चिकटवत नाही, प्रश्न कोडचा नाहीच. डॉक-कॉमेंटमधला 'सेफ्टी' विभाग आणि ब्लॉकवरची 'सेफ्टी' कॉमेंट, यांत कुठे काय लिहायचं? आणि हेडरच मुकं असेल तर मी कशाच्या जोरावर लिहायचं?

प्रतिसाद १

दोन्हींची नावं सारखी असल्यामुळे गल्लत होते. डॉक-कॉमेंटमधला विभाग म्हणजे अट: "हे अनसेफ फंक्शन बोलावणाऱ्याने अमुक अमुक पाळलं पाहिजे." ब्लॉकवरची कॉमेंट म्हणजे त्या अटीचा हिशोब: "मी ते पाळलंय, आणि ते या कारणाने खरं आहे." 'पॉइंटर वैध आहे' हा नुसता दावा झाला, कारण त्यात आलंच नाही. तुमचे सहकारी बरोबर विचारतायत.

त्यामुळे कॉमेंट लिहिण्याआधी बोलावलेल्या फंक्शनच्या अटी उघडून समोर ठेवा. तुमच्या पहिल्या मुद्द्यात 'फ्रॉम रॉ पार्ट्स' (पॉइंटर आणि लांबीपासून स्लाइस बनवणारं फंक्शन) असणार. त्याच्या अटी अशा: पॉइंटर नल (रिकामा) नको, लांबी शून्य असली तरीही. अलाइनमेंट (पत्त्याची जुळणी) त्या प्रकाराला साजेशी हवी. तेवढे सगळे घटक एकाच अ‍ॅलोकेशनमधले आणि इनिशियलाइझ केलेले हवेत. एकूण आकार 'आयसाइझ' या पूर्णांक प्रकाराच्या कमाल मर्यादेत हवा. आणि स्लाइस जिवंत असेपर्यंत ती मेमरी कुणी बदलता कामा नये.

यातली नलची अट बहुतेकांना चकवते. फाइल संपली की सी लायब्ररी बऱ्याचदा नल आणि शून्य अशी जोडी देते. सीमध्ये ते चालून जातं, इथे ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची कसलीच हमी नाही. दुसरी फसगत लांबीची: रस्टला ती घटकांत हवी असते. लायब्ररी बाइट देत असेल आणि सँपल १६ बिटांचे असतील, तर तुम्ही बफरच्या दुप्पट वाचताय.

शेवटच्या अटीचं उत्तर मात्र हेडर वाचून मिळणार नाही. सी सोर्स उघडावा लागेल.

धागाकर्ता

उघडला. बरं झालं उघडला.

बफर डिकोडरच्या पोटातच आहे, आणि पुढची फ्रेम मागितली की त्याच बफरवर नवे सँपल लिहिले जातात. माझं फंक्शन डिकोडरचा शेअर्ड रेफरन्स (एका वेळी अनेकांना मिळू शकणारा) घेतं. म्हणजे एक स्लाइस हातात ठेवून दुसरी मागता येते, कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि पहिल्या स्लाइसमधला डेटा पायाखालून बदलतो. टेस्टमध्ये दिसलं नाही, कारण टेस्ट प्रत्येक फ्रेम लगेच कॉपी करून घेते.

प्रतिसाद १

मग कॉमेंट राहू द्या, आधी सिग्नेचर बदला. शेअर्डऐवजी म्यूटेबल रेफरन्स (एका वेळी एकालाच मिळणारा) घ्या आणि स्लाइसचं लाइफटाइम (आयुष्य) त्याला बांधा. स्लाइस वापरात असेपर्यंत दुसरी फ्रेम मागताच येणार नाही आणि डिकोडर ड्रॉपही (नष्टही) करता येणार नाही. त्यानंतर कॉमेंट साधारण अशी होईल:

"सेफ्टी: नल आणि शून्य लांबी वर तपासून परत फिरलो आहोत. लायब्ररी लांबी बाइटमध्ये देते, म्हणून दोनने भागली आहे. बफर डिकोडर तयार होताना १६ बिटी सँपलसाठी मॅलॉकने शून्य न करता घेतला जातो, पण परत दिलेल्या लांबीइतका भाग डिकोडरने नुकताच भरलेला असतो. पुढची फ्रेम मागेपर्यंत तो बदलत नाही, आणि ती मागायला म्यूटेबल रेफरन्स लागतो."

लांब वाटते, पण यातलं एक वाक्य खोडलं तरी एक अट उघडी पडते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण माझा मुद्दा वेगळा. ४३ कॉमेंट लिहिण्याआधी ४३ ब्लॉक का आहेत ते बघा. कच्चा पॉइंटर एका स्ट्रक्टच्या खाजगी फील्डमध्ये 'नॉननल' (कधीच नल नसणारा पॉइंटर) म्हणून ठेवा आणि त्या फील्डवर एकदाच लिहा: हा पॉइंटर लायब्ररीच्या 'क्रिएट'कडूनच आलेला असतो, आणि 'डिस्ट्रॉय' फक्त ड्रॉपमध्ये होतं. मग बाकीच्या ब्लॉकवर 'फील्डवरची अट पाहा' एवढं पुरतं. फक्त ते मॉड्यूल लहान ठेवा. त्या मॉड्यूलमधला कुठलाही सेफ कोड ते फील्ड बदलू शकतो, म्हणजे भरवसा ठेवायचा तर अख्ख्या मॉड्यूलवर ठेवावा लागतो. ही गोष्ट लोक सोयीस्करपणे विसरतात.

मुक्या हेडरचं म्हणाल, तर सोर्समध्ये पाहिलेली गोष्ट वचन म्हणून लिहू नका, निरीक्षण म्हणून लिहा: कुठली आवृत्ती, कुठली फाइल, कुठलं फंक्शन. आवृत्ती बिल्डमध्ये पक्की करा. लायब्ररीवाल्यांना हेडरमध्ये एक ओळ घालायची विनंतीही करा. त्यांनी ती घातली की तुमचं निरीक्षण करार होतं. नाही घातली, तर आवृत्ती बदलताना काय पुन्हा तपासायचं ते तुमच्याच कॉमेंटमध्ये सापडतं.

प्रतिसाद ३

कॉलबॅकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. लायब्ररी तो पॉइंटर कधीपर्यंत धरून ठेवते आणि कुठल्या थ्रेडवरून हाक मारते, ही दोन उत्तरं कॉमेंटमध्ये हवीतच. बॉक्समधून (रस्टने घेतलेल्या मेमरीतून) 'इनटू रॉ'ने काढलेला पॉइंटर परत 'फ्रॉम रॉ'नेच घ्यायचा. सीच्या 'फ्री'कडे दिलात तर दोन अ‍ॅलोकेटरांची खिचडी. पॅनिक (चूक झाल्यावर रस्टने काम मध्येच सोडणं) कॉलबॅकबाहेर पडू देऊ नका. रस्ट १.८१ पासून साध्या 'एक्स्टर्न सी' फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडायला गेलं की प्रोग्रॅम अ‍ॅबॉर्ट होतो. त्याआधी ते सरळ अनडिफाइन्ड होतं. 'कॅच अनवाइंड' (पॅनिक तिथेच अडवणारं फंक्शन) आत लावा.

आणि सीकडून येणारा आकडी कोड थेट रस्टच्या एनममध्ये (ठरावीक किमतीच घेणाऱ्या प्रकारात) घेत असाल तर थांबा. लायब्ररीने उद्या नवी किंमत वाढवली की तुमचा मॅच चुकणं दूरच, ती किंमत तयार होणं हेच अनडिफाइन्ड. पूर्णांक घ्या आणि तपासून बदला.

प्रतिसाद ४

एवढं सगळं लिहिण्यापेक्षा मीरी (कोड चालवून अनडिफाइन्ड बिहेवियर शोधणारं साधन) चालवा ना, चुका आपोआप दिसतील.

प्रतिसाद २

मीरी रस्टचा कोड तपासतं. सीच्या बाजूला काय चाललंय ते त्याला कळत नाही. इथे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर किंवा व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारी साधनं) बरं. तरी धागाकर्त्याची चूक त्यांनाही सापडली नसती, कारण मेमरी जिवंतच होती, फक्त आतला मजकूर बदलत होता.

धागाकर्ता

दोन दिवस खपलो. ब्लॉक ४३ वरून १७ वर आले. कॉलबॅकमध्ये 'कॅच अनवाइंड' नव्हतं, ते लावलं.

दुसऱ्या मुद्द्यातला 'शेवटच्या चुकीचा मजकूर' मात्र अजून छळतोय. सोर्समध्ये पाहिलं तर तो एका ग्लोबल बफरमध्ये लिहिला जातो, सगळ्या डिकोडरांत मिळून एकच. मी लगेच स्ट्रिंगमध्ये कॉपी करतो. डिकोडरमध्ये कच्चा पॉइंटर असल्यामुळे तो आपोआप सेंड नाही (दुसऱ्या थ्रेडकडे नेता येत नाही), म्हणून निर्धास्त होतो. पण दोन थ्रेडनी आपापला डिकोडर उघडला तर? एकाची कॉपी चालू असताना दुसरा तिथेच लिहील.

प्रतिसाद १

बरोबर, तिथे सेंड नसण्याचा उपयोग नाही. ग्लोबल म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लागेल. तो फक्त मजकूर वाचताना धरून भागणार नाही. जी जी फंक्शनं त्या बफरमध्ये लिहू शकतात त्या सगळ्यांना बोलावताना धरा, आणि एखादं फसलं की मजकूर कॉपी होईपर्यंत सोडू नका. नाहीतर दुसऱ्याच डिकोडरची चूक तुमच्या नावावर दिसेल. अशा फंक्शनांची यादी म्यूटेक्सच्या व्याख्येवरच लिहून ठेवा, लायब्ररीच्या आवृत्तीसकट.

धागाकर्ता

सोर्समध्ये शोधलं, अशी नऊ फंक्शनं निघाली. त्यातलं एक 'डिस्ट्रॉय' आहे, म्हणजे ड्रॉपमध्येही लॉक. यादी लिहायला घेतोय.