मदत हवी आहे: मुलगी साइन्ड इंग्लिशमध्ये वाचते, पण अर्थ हाती लागत नाही

नमस्कार. आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी सात वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर, दुसरीत आहे. शाळेत सायनिंग एक्झॅक्ट इंग्लिश, म्हणजे 'सी', वापरतात: इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द, प्रत्ययांसकट हातांच्या खुणांनी दाखवायची पद्धत. आम्हीही तीच शिकलो आणि घरी तिच्याशी त्यातच बोलतो.

अडचण वाचनाची आहे. पुस्तक समोर आलं की ती प्रत्येक शब्दाची खूण करते, 'आयएनजी', 'ईडी' या प्रत्ययांसकट. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी छान वाचतेय. पण 'द बॉय वॉज चेज्ड बाय द डॉग' वाचून झाल्यावर चित्र काढ म्हटलं, तर ती कुत्र्यामागे धावणारा मुलगा काढते! 'वॉज', 'ईडी', 'बाय' तिन्ही खुणा तिने केलेल्या असतात, तरी अर्थ उलटा.

बाईंचं म्हणणं असं की इंग्रजी वाचायचं तर इंग्रजीचा शब्दक्रम आणि प्रत्यय डोळ्यांना दिसायलाच हवेत. अमेरिकन साइन लँग्वेजचं (एएसएल) व्याकरण वेगळं, त्याने गोंधळ वाढेल. 'सी'चं पुस्तक 1972 साली आलं ते याच विचारातून, आणि मला तो पटतोही. पण वर्गात बसून पाहिलं तेव्हा दिसलं की बाई बोलता बोलता खुणा करतात, आणि एका खुणेला बोललेल्या शब्दाच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. हात मागे पडतात. मग गळतात ते नेमके प्रत्यय आणि छोटे शब्द, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच. शिवाय 'सी'त उच्चार, स्पेलिंग आणि अर्थ यांपैकी दोन गोष्टी जुळल्या की खूण एकच. पळणं, नाक वाहणं, दुकान चालवणं, सगळ्याला 'रन'. एएसएलमध्ये अर्थ बदलला की खूण बदलते.

आमच्या ओळखीच्या एका कर्णबधिर काकांनी तीच गोष्ट तिला एएसएलमध्ये सांगितली. एक हात मुलगा, दुसरा कुत्रा, कोण पुढे, कोण मागे, सगळं हवेत उभं केलं. तिला एएसएल फारशी येत नाही, तरी तिने गोष्ट अगदी बरोबर परत सांगितली. माझ्या मते समज तिच्याकडे आहे, ती छापील वाक्यापर्यंत पोचत नाहीये. काका म्हणतात, आधी गोष्ट एएसएलमध्ये, मग तेच वाक्य कागदावर, आणि अडलेला शब्द बोटांनी स्पेलिंग करून. भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी एएसएल ही स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे हे 1960 मध्येच मांडलं होतं, तेव्हा तिच्याकडे निव्वळ गोंधळ म्हणून बघणं मला पटत नाही.

कर्णबधिर मुलांना शिकवणारे, असे पालक, किंवा स्वतः यातून गेलेले कुणी इथे असाल तर कृपया सांगा. घरी 'सी' चालू ठेवून एएसएल जोडली तर मुलं दोन्ही वेगळ्या ठेवू शकतात का? 'वॉज चेज्ड बाय'सारखी वाक्यं तुम्ही कशी समजावलीत? आयईपीची (शाळेने तिच्यासाठी करायच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची) बैठक जवळ आली आहे. तिथे नुसती वाचनाची चाचणी नको, 'सी' आणि एएसएल दोन्हींमधली तिची समज तपासा, अशी मागणी करायचा विचार आहे. अशी तपासणी कुणी करून घेतली असेल तर ती कोणाकडून घेतली आणि शाळेकडे मागणी कशी लिहून दिली, तेही कळवा.