'शिक्षेविरुद्ध अपील' म्हणजे नेमकं कशाविरुद्ध?

अनुलेखा: अपिलाच्या एका निकालाचा अनुवाद हातात आहे. खुनाच्या प्रयत्नाचा खटला, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, सत्र न्यायालयाने दहा वर्षं सक्तमजुरी दिलेली. उच्च न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी सांगितलं की दोषी ठरवलं त्याबद्दल आमची तक्रार नाही, वर्षं तेवढी कमी करा. मी लिहिलं, 'अपील केवळ शिक्षेविरुद्ध आहे'. घरच्यांनी वाचून विचारलं, 'म्हणजे सुटू शकतो ना?' त्यांचं काय चुकलं? 'त्याला शिक्षा झाली' म्हणताना आपण दोषी ठरणं आणि वर्षं ठरणं दोन्ही एकदमच म्हणतो. पहिल्या भागाला 'दोषसिद्धी' आहे. दुसऱ्यासाठी वेगळं काय वापरता?

तालुका वकील: 'शिक्षेच्या मुदतीपुरतं अपील'. पक्षकाराला समजावताना तर सरळ 'शिक्षा कमी करून मिळावी म्हणून'. हा फरक कागदावरचा नाही. खालच्या कोर्टात गुन्हा कबूल केला की दोषसिद्धीवर सहसा अपील चालत नाही, पण शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, यावर चालतं.

निर्मळ मराठी: अपील, सक्तमजुरी, मुदत. एका विषयात तीन परके शब्द! अपिलाला 'पुनर्विचार याचना' म्हणायला काय हरकत आहे? आपण वापरत नाही म्हणून असे शब्द रुळत नाहीत.

तालुका वकील: हरकत आहे, आणि मोठी आहे. पुनर्विचार म्हणजे ज्याने निकाल दिला त्याच कोर्टाने तो पुन्हा पाहणं. पुनरीक्षण आणखी वेगळं. अपील वरच्या कोर्टात होतं. शब्द शुद्ध करण्याच्या नादात अर्थच बदलला तर तुरुंगातल्या माणसाने कुठला कागद कुठे द्यायचा?

ओवीकार: 'दाद मागणे' आहे की आपलं घरचं. 'शिक्षा जास्त झाली म्हणून वरच्या कोर्टात दाद मागितली.' कुणाला कोश उघडावा लागणार नाही.

निर्मळ मराठी: 'दाद' फारसी आहे.

ओवीकार: असेल. माझ्या आजीच्या तोंडी होता, मला तेवढं पुरे.

सीमेवरचा: मुळात घोळ 'शिक्षा' या शब्दातच आहे. संस्कृतात तो शिकण्याचा, हिंदीतही शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे मात्र तुरुंग! कन्नडमध्ये 'शिक्षे', तेलुगूत 'शिक्ष', गुजरातीत 'शिक्षा', सगळीकडे दंडच. मला वाटतं 'धडा शिकवणे' हीच वाट असणार.

पानोपानी: वाट सुरेख आहे, पण पुरावा? दंडाचंही बघा. 'दंड संहिता' म्हणताना दंड म्हणजे कोणतीही शिक्षा, आणि 'दंड भरला' म्हणताना फक्त पैसे. म्हणून मला 'मुदत' अपुरा वाटतो. ३०७ मध्ये कारावासासोबत द्रव्यदंडही असतो, आणि अपिलात तोही कमी करून मागता येतो. 'शिक्षेचं प्रमाण' म्हणा, दोन्ही येतील.

अनुलेखा: 'प्रमाण' आवडला. पण 'प्रमाणाविरुद्ध अपील' वाचताना अडखळायला होतं.

वाटसरू: सगळे 'कमी करा' याच बाजूने बोलताय. माझ्या नात्यातल्या माणसावर कोयत्याचे वार झाले. हाताची पकड कायमची गेली. शिक्षा तीन वर्षं. आम्ही ती वाढवून मागायला गेलो तर कळलं, ते अपील सरकारने करायचं असतं. जखमी माणसाला निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरल्याविरुद्ध किंवा भरपाई अपुरी असल्याबद्दल अपील करता येतं. शिक्षा अपुरी आहे म्हणून नाही. तेव्हा 'शिक्षेविरुद्ध अपील' हे शब्द आमच्या मनात अगदी उलट्या अर्थाने होते.

तालुका वकील: हे खरं आहे, आणि बोचणारं आहे. सरकारचं ते अपील पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७७, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१८. तसं अपील आलं तर आरोपीलाही शिक्षा कमी करा, इतकंच काय निर्दोष सोडा, असं म्हणता येतं. उलट आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. म्हणून 'वाढीसाठी' की 'कपातीसाठी' हे लिहायलाच हवं.

पानोपानी: 'कपात' नको, पगार आठवतो. 'सूट'ही नको, ती सरकार देतं. चांगल्या वर्तणुकीचे दिवस वजा होतात त्याला कैदी 'माफी' म्हणतात, तीही वेगळी. कच्चा कैदी असताना काढलेले दिवस धरतात ती 'वजावट'. कोर्ट शिक्षा 'कमी करतं', बस. साधं क्रियापद आहे, त्याचं नाम करण्याचा हट्ट कशाला?

सीमेवरचा: आणि जन्मठेप असेल तर काय कमी करणार? ती चौदा वर्षांचीच ना?

तालुका वकील: नाही! हा गैरसमज कुठून कुठे पसरलाय. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं. काही गुन्ह्यांत चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. वीस वर्षं धरतात ती फक्त शिक्षेचे अंश, म्हणजे अर्धी, पाव असा हिस्सा, काढताना.

ओवीकार: १९५६ च्या आधी तर जन्मठेप म्हणजे काळं पाणी. कायद्यातली हद्दपारी गेली, शब्द तोच राहिला.

निर्मळ मराठी: जन्मठेप हा मात्र नितळ मराठी शब्द आहे, याची नोंद घ्यावी.

पानोपानी: त्याचं अनेकवचन बघा. 'दोन जन्मठेपा' बातम्यांत येतं. पण त्या एकापाठोपाठ देता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच २०१६ मध्ये म्हटलं. एकच तर जन्म!

वाटसरू: आमच्या निकालात होतं, 'सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात'. आम्ही बेरीज केली. तीन आणि दोन, पाच. निघाली तीनच, कारण दोन्ही बरोबरच चालल्या.

अनुलेखा: माझ्या मसुद्यातही 'एकत्रित' आहे! दोन कलमांच्या शिक्षा आहेत. 'एकाच वेळी' करू की 'सोबत'?

तालुका वकील: निकालांत 'एकत्रित'च रूढ आहे. बदलू नका.

पानोपानी: रूढ असून पाच वाचलं जात असेल तर बदलायलाच हवं. 'एकाच वेळी' लिहा.